पहिली ओळ मराठीत लिहू द्या

डिचोली तालुक्यातल्या एका आईचं पत्र आहे. मुलगी अकरावी सायन्सला. चौथीपर्यंत गावातल्या मराठी शाळेत शिकली, पाचवीपासून इंग्रजी माध्यम. दहावीला गणितात उत्तम गुण होते. आता ‘लिनियर इनइक्वॅलिटीज’ म्हणजे असमानतेच्या धड्यात नुसती आकडेमोड दिली तर ती बरोबर करते, पण तेच शाब्दिक उदाहरणात आलं की गडबडते; दोन अटी एकत्र आल्या तर हमखास. शिकवणीच्या सरांनी ‘ॲट लीस्ट’ला कुठलं चिन्ह, ‘ॲट मोस्ट’ला कुठलं, अशी यादी दिली. ती तोंडपाठ आहे, चुका मात्र तशाच. घरात दीर म्हणतात, मराठी शाळेत घातलं त्याचं हे फळ. धाकटा मुलगा यंदा पहिलीला जाणार. त्याला इंग्रजी शाळेत घालावं का आणि मुलीला स्पोकन इंग्लिशचा क्लास लावावा का, असं या आईने विचारलं आहे. तिचं स्वतःचं शिक्षण दोडामार्गला दहावीपर्यंत, मराठीतून. “तिचं पुस्तक मला वाचता येत नाही, मी काय मदत करणार?” असं ती लिहिते. सोबत मुलीच्या वहीच्या चार पानांचे फोटो आहेत.

प्रिय ताई,

वहीची पानं पाठवलीत हे फार चांगलं केलंत. नुसतं पत्र वाचून कोणीही अंदाजाने काहीतरी सांगितलं असतं; पानांवर नेमकं काय चुकतंय ते दिसतं. म्हणून आधी वहीबद्दल बोलू आणि धाकट्याची शाळा नंतर. तुमच्या घरात हे दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत, आणि मला वाटतं त्या गुंत्याचाच तुम्हाला जास्त त्रास होतोय.

पहिलं पान घ्या. तीन चाचण्यांत ७१, ६४ आणि ७८ गुण आहेत, प्रत्येक चाचणी १०० गुणांची. चौथ्या चाचणीत किती गुण पडले तर चारही चाचण्यांची सरासरी निदान ७० येईल, पण ८० च्या खाली राहील? मुलीने लिहिलंय: ७० ≤ (२१३ + क्ष)/४ < ८०. मग २८० ≤ २१३ + क्ष < ३२०. आणि उत्तर, ६७ ≤ क्ष < १०७. त्या १०७ भोवती तांबड्या शाईचा गोल आहे.

ताई, या पानावर इंग्रजीची एकही चूक नाही. ‘ॲट लीस्ट’ तिला कळलं. ‘लेस दॅन’ कळलं. ७० च्या बाजूला बरोबरची रेघ द्यायची आणि ८० च्या बाजूला द्यायची नाही, इतकं बारीकही कळलं. राहिलं ते एवढंच, की १०० गुणांच्या चाचणीत १०६ मिळत नाहीत. खरं उत्तर ६७ ते १००, दोन्ही धरून. ही तिसरी अट कोणी अट म्हणून सांगितली नव्हती. माहिती म्हणून सांगितली होती. शाब्दिक उदाहरणात अशा न बोललेल्या अटी नेहमी असतात. माणसं अर्धी नसतात, वेळ उणे नसतो, बसमध्ये बाकं मोजकीच असतात. त्या आपल्या आपण आठवाव्या लागतात आणि आपल्या भाषेत विचार करताना त्या लवकर आठवतात.

दुसरं पान टाकीचं. १००० लिटरची टाकी भरलेली आहे, दर तासाला ४० लिटर पाणी जातं. टाकीत २०० लिटरपेक्षा कमी नाही आणि ६०० पेक्षा जास्त नाही, असं पाणी किती तासांनी असेल? मांडणी तिने अगदी बरोबर केली: २०० ≤ १००० − ४०त ≤ ६००. पुढे −८०० ≤ −४०त ≤ −४००. इथून उणे ४० ने भागताना चिन्हं फिरवायची राहिली आणि उत्तर आलं २० ≤ त ≤ १०. पुढे तिने वाक्यही पूर्ण केलंय, ‘वेळ २० ते १० तास’. ही ओळ मोठ्याने वाचली असती तर तिला स्वतःलाच खटकलं असतं. २० पेक्षा मोठी आणि १० पेक्षा लहान अशी संख्या कुठे असते? उणे संख्येने गुणलं किंवा भागलं की चिन्ह उलटतं हा नियम तिला ठाऊक आहे, नुसत्या आकडेमोडीत ती तो बरोबर वापरते. टाकीच्या गणितात तो विसरला, कारण तोपर्यंत टाकी डोळ्यांसमोरून गेली होती आणि उरली होती नुसती चिन्हं. टाकी समोर असती तर १० तासांनी ६०० लिटर उरतं, २० तासांनी २०० उरतं, जितका वेळ जास्त तितकं पाणी कमी, हे दिसलंच असतं.

तिसरं पान मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. गणित छान आहे, कॉलेजातल्या शिक्षकांनी इथलंच रचलेलं दिसतंय. गोव्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, ६१ दिवस. १ जानेवारीला पहिला दिवस धरून वर्षातला दिवस द मानला, तर लीप वर्ष नसताना १ जून हा १५२ वा आणि ३१ जुलै हा २१२ वा दिवस. ट्रॉलर कुठल्या दिवसांत समुद्रात जाऊ शकतो ते असमानतेत लिहा. मुलीने लिहिलंय: २१२ < द < १५२.

पुन्हा तोच आकार, पाहिलंत? पण इथलं कारण वेगळं आहे. तिच्या मनात बरोबर होतं: बंदी सुरू व्हायच्या आधी आणि बंदी संपल्यावर. आपण सगळे असंच बोलतो, ‘मेपर्यंत आणि ऑगस्टपासून बोटी जातात’. बोलण्यात हा ‘आणि’ अगदी योग्य आहे, कारण आपण दिवसांची यादी देत असतो. गणित मात्र एकेका दिवसाला धरून विचारतं: बाबा रे, तू १५२ च्या आधीचा आहेस का? नसशील तर २१२ च्या नंतरचा आहेस का? एकच दिवस दोन्ही असू शकत नाही. यातलं एक जरी खरं असलं तरी बोट निघते. म्हणून गणितात इथे ‘किंवा’ येतो: द < १५२ किंवा द > २१२. आणि ‘किंवा’ची दोन तुकड्यांतली गोष्ट एका साखळीत बसवता येत नाही, ती दोनदा वेगळीच लिहावी लागते.

उलट बंदीचे दिवस विचारले असते तर एकाच दिवसाने दोन्ही अटी पाळायला हव्या होत्या, १५२ किंवा त्यानंतरचा आणि २१२ किंवा त्याआधीचा. तेव्हा साखळी बरोबर: १५२ ≤ द ≤ २१२. ‘बंदी आहे’चं ‘बंदी नाही’ केलं की ‘आणि’चा ‘किंवा’ होतो, आणि बरोबरची रेघ असलेली चिन्हं रेघ नसलेली होतात, कारण १ जून हा दिवस दोन्हीकडे मोजता येत नाही. हे एकदा नीट समजलं की धड्यातला निम्मा अवघड भाग संपला. ‘आणि’ असेल तर संख्यारेषेवर मधला एक पट्टा, ‘किंवा’ असेल तर बहुतेक वेळा दोन टोकं. मुलीला रेषा काढू द्या. वहीच्या चारही पानांवर एकही संख्यारेषा नाही, आणि माझ्या मते तिचं सगळ्यात मोठं नुकसान तिथेच होतंय.

चौथं पान यादीचं बळी आहे. जत्रेत खाजे विकणाऱ्याचा दुकानाचा खर्च १५०० रुपये, एका पुडीमागे खर्च ३५, विक्री ६० ला. निदान १००० रुपये नफा हवा आणि १४० पुड्यांपेक्षा जास्त माल करता येत नाही. मुलीने पुड्यांच्या संख्येला ‘न’ म्हटलंय आणि लिहिलंय, १५०० + ३५न ≥ १०००. यादीत ‘ॲट लीस्ट’पुढे ≥ होतं, ते तिने इमाने लावलं. कशाला लावलं? आधीच्या ओळीत जे तयार होतं त्याला, म्हणजे खर्चाला. खर्च निदान हजार व्हावा असं कुठल्या दुकानदाराला वाटतं? नफा म्हणजे विक्रीतून खर्च वजा: ६०न − (१५०० + ३५न), म्हणजे २५न − १५००. तो निदान १००० हवा, म्हणून न ≥ १००. माल जास्तीत जास्त १४०. मिळून १०० ≤ न ≤ १४०, आणि न पूर्ण संख्या.

शिकवणीच्या सरांचा हेतू चांगला असणार, पण अशी यादी चिन्ह सांगते, त्या चिन्हाच्या डाव्या हाताला काय लिहायचं ते सांगत नाही. आणि उदाहरणाचा सगळा जीव तर तिथेच असतो.

आता इंग्रजीबद्दल. काही जागी इंग्रजी खरंच अडवतं, ते मी नाकारत नाही. ‘फाइव्ह लेस दॅन अ नंबर’ म्हणजे क्ष − ५, आणि ‘फाइव्ह इज लेस दॅन अ नंबर’ म्हणजे ५ < क्ष. मधल्या एका ‘इज’वर सगळं फिरतं. मराठीत पहिलं ‘एका संख्येपेक्षा ५ ने कमी’ आणि दुसरं ‘५ ही त्या संख्येपेक्षा लहान’, म्हणून आपल्याला फरक चटकन दिसतो. अशा जागा दहा-पंधरा असतील. ‘नॉट मोर दॅन’, ‘एक्सीड्स’, ‘नो फ्युअर दॅन’, ‘बिटवीन’ अशी नेहमीची वाक्यं वहीच्या शेवटच्या पानावर मराठी अर्थासकट आणि एकेका उदाहरणासकट लिहून ठेवली की झालं. ‘बिटवीन’मध्ये टोकं धरायची की नाही हे पुस्तकागणिक बदलतं, तेवढं सरांना विचारून घ्यायला सांगा. त्यासाठी स्पोकन इंग्लिशच्या क्लासची गरज नाही. तिथे संभाषण शिकवतील, जे तिला पुढे कधीही शिकता येईल. या धड्याला त्याचा उपयोग होणार नाही.

आणि दीरांना एक गोष्ट जरूर सांगा. मराठीतून गणित शिकणारी मुलंही नेमकी इथेच अडखळतात. ‘कमीत कमी ७०’ वाचून कितीतरी मुलं < हे चिन्ह काढतात, कारण कानावर ‘कमी’ पडतं. ‘जास्तीत जास्त’ला > काढतात. अडचण कुठल्या एका भाषेची असती तर ती दुसऱ्या भाषेत गेल्यावर नाहीशी झाली असती. ती वाक्यातून नातं ओळखण्याची आहे. या चिन्हांचा इतिहासही थोडा धीर देणारा आहे. < आणि > ही चिन्हं पहिल्यांदा छापून आली १६३१ साली, इंग्रज गणिती थॉमस हॅरियट वारल्यानंतर दहा वर्षांनी निघालेल्या त्यांच्या ग्रंथात. ‘मोठं किंवा तेवढंच’ असं सांगायला चिन्हाच्या खाली रेघा द्यायची पद्धत त्यानंतरही शंभर वर्षांनी आली. फ्रान्सच्या पिएर बुगेर यांनी ती १७३४ साली वापरली. अशी चिन्हं नव्हती तोवर थोरथोर गणिती ही गोष्ट शब्दांतच लिहीत होते. तुमच्या मुलीनेही आधी शब्दांत लिहिली तर त्यात कमीपणा कसला?

म्हणून माझा मुख्य सल्ला हा. शाब्दिक उदाहरण आलं की वहीतली पहिली ओळ तिने मराठीत लिहावी. भाषांतर म्हणून नव्हे, ते इंग्रजी वाक्य जसंच्या तसं मराठीत ओढत आणलं तर काहीच हाती लागत नाही. पुस्तक मिटून, तुम्हाला सांगितल्यासारखी एक ओळ: ‘विक्रीतून खर्च गेल्यावर हातात हजार तरी उरले पाहिजेत, आणि पुड्या एकशे चाळीसच्या वर नकोत.’ ही ओळ लिहिली गेली की १५०० + ३५न ≥ १००० असं लिहायला हात धजणारच नाही.

आणि इथे तुमची मदत लागणार आहे, ताई. त्यासाठी बीजगणित यायची गरज नाही, इंग्रजी तर नाहीच. तुम्ही स्वयंपाक करत असताना तिला ओट्याजवळ बसवा आणि उदाहरण तोंडी सांगायला लावा. तिने ‘न म्हणजे खाजे’ म्हटलं तर विचारा, खाज्याचं काय? वजन, किंमत की पुड्या किती? ‘विकलेल्या पुड्यांची संख्या’ हे उत्तर येईपर्यंत पुढे जाऊ नका. मग चिन्ह वगैरे काही काढायच्या आत तिला एक आकडा टाकून पाहायला सांगा. पन्नास पुड्या विकल्या तर किती सुटतात? पन्नास गुणिले पंचवीस, साडेबाराशे, त्यातून दुकानाचे पंधराशे गेले, म्हणजे अडीचशेचा तोटा. शंभरला? बरोबर हजार. म्हणजे सीमा शंभरवर आहे. शंभर चालेल का? ‘निदान हजार’ म्हटलंय, चालेल. असा आकडा टाकला की चिन्ह कुठल्या बाजूला उघडं ठेवायचं आणि खाली रेघ द्यायची की नाही, दोन्ही आपोआप ठरतं. याला जास्तीची दोन मिनिटं लागतात. परीक्षेत वेळ कुठला, असं ती म्हणेल. सरावात हे केलं की परीक्षेत मनातल्या मनात होतं, आणि पान खोडून पुन्हा लिहिण्यात याहून जास्त वेळ जातो.

मग तिला विचारा की दोन्ही अटी एकाच वेळी पाळायच्या आहेत, की एक पाळली तरी भागतं. ती पटकन ‘आणि’ म्हणाली तर थांबवा. एक आकडा घ्यायला लावा आणि त्या एका आकड्याला दोन्ही अटी लागू होतात का ते बघू द्या. बोटीच्या गणितात १०० वा दिवस घेतला की लगेच कळतं: तो १५२ च्या आधीचा आहे, २१२ च्या नंतरचा नाही, तरी बोट जाते.

उत्तर आल्यावर एक आकडा उत्तराच्या आतला आणि एक बाहेरचा घेऊन तपासायचं. हे तपासताना स्वतःच्या असमानतेत आकडा घालायचा नाही. मांडणीच चुकली असेल तर त्या मांडणीला चुकीचं उत्तरही बरोबरच वाटणार. आकडा मूळ गोष्टीत घालायचा. चौथ्या चाचणीत १०५ मिळाले, असं तोंडाने म्हटलं की बस्स.

सुरुवातीला ती वैतागेल. अकरावीतल्या मुलीला आईने पहिलीसारखं विचारलेलं आवडत नाही. तेव्हा रोज नको, आठवड्यातून दोनतीन उदाहरणं पुरेत, आणि चुकलं तर ‘अगो बाय, एवढं कसं कळलं नाही’ हे वाक्य घरात कोणीही उच्चारायचं नाही, काकांनी तर नाहीच. चार पानं तपासून मी तुम्हाला खात्रीने सांगते, तुमच्या मुलीचा पाया पक्का आहे. कंस उघडणं, बाजू बदलणं, अपूर्णांक, कुठेही घसरलेली नाही. मराठी शाळेने तिचं काही बिघडवल्याची खूण मला त्या वहीत दिसली नाही.

शिकवणीच्या सरांशीही बोला. त्यांना एवढंच सांगा की यादीऐवजी त्यांनी तिच्याकडून मांडणीची पहिली ओळ करून घ्यावी, सोडवणं ती घरी करेल. दहा उदाहरणं नुसती मांडायची, सोडवायची नाहीत, असा एक तास झाला तरी फरक दिसेल.

आता धाकटा. मोठ्या बहिणीच्या अकरावीतल्या एका धड्यावरून त्याच्या पहिलीची शाळा ठरवू नका. तुमच्या घरात मराठी बोलतात, तुम्हाला त्याच्या अभ्यासात लक्ष घालायचंय आणि मराठी पुस्तक तुम्ही उघडून वाचू शकता. पहिली-दुसरीतल्या मुलाला याहून मोठा आधार कुठला? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शक्य असेल तिथे निदान पाचवीपर्यंत, आणि जमल्यास आठवीपर्यंत व पुढेही, घरच्या भाषेतून शिकवावं असं म्हटलं आहे. मी तुमच्या जागी असते तर त्याला मराठी शाळेत घातलं असतं. पण आधी शाळेत जाऊन या: बाई वर्गात मुलांना बोलू देतात का, पट किती आहे, एकच शिक्षक चार वर्ग सांभाळतोय का, हे डोळ्यांनी पाहा. शाळा खरंच ओस पडत आलेली असेल, तर जवळपासची दुसरी मराठी शाळा शोधा किंवा इंग्रजी शाळेचा विचार करा. मग तो निर्णय त्या शाळेमुळे झालेला असेल, भाषेच्या भीतीने नाही. दीरांची काळजी अगदीच पोकळ नाही. चौथीतून पाचवीत जाताना सगळं एकदम इंग्रजीत येतं आणि पोरं बावरतात, हे आपल्याकडे घरोघरी दिसतं. त्याची तयारी चौथीच्या वर्षात करता येते: बेरीज, वजाबाकी, अपूर्णांक, पेक्षा मोठा, पेक्षा लहान, असे गणितातले शब्द दोन्ही भाषांत शेजारी शेजारी, आणि आठवड्याला एखादं इंग्रजीतलं सोपं उदाहरण. बहीण घरात आहेच, तिच्याकडून करून घ्या. तिलाही त्याचा फायदा होईल.

आणखी एक. अधूनमधून उदाहरण तुम्ही रचा. घरगुती गॅसच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. रोज ४०० ग्रॅम संपतो असं धरा. सिलिंडरमध्ये १ ते ३ किलो गॅस उरलेला असताना, दोन्ही टोकं धरून, नवा बुक करायचा आहे. तर कितव्या दिवसापासून कितव्या दिवसापर्यंत? उत्तर मी तुम्हाला देऊन ठेवते, २८ ते ३३. तिने ३३ ≤ द ≤ २८ लिहिलं तर चूक म्हणू नका. नुसतं विचारा, मग फोन कधी लावू?